खोक्यावर वॉट नको, मायक्रोमोल छापा

फिशटँकच्या दिव्यासाठी दुकानात येणारा माणूस आधी विचारतो, "किती वॉटचा?" मग विचारतो, "केवढ्याला?" आणि दिवा पिशवीत टाकून निघतो. त्या दिव्याखाली कोणता जीव राहणार आहे, टाकीत पाणी किती खोल आहे, दिवा पाण्यापासून किती उंच टांगणार, यातलं काहीच बोलणं होत नाही. त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. खोक्यावर वॉटच छापलेले असतात, तर तो दुसरं विचारणार तरी काय?

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या बाजारपेठेत माझं वीजसाहित्याचं दुकान आहे. पुढे वायर, बोर्ड, पंखे. मागच्या खोलीत एलईडी दिवे जोडायचं टेबल. अ‍ॅल्युमिनियमची हीटसिंक, त्यावर बसवायच्या चिप, ड्रायव्हर, लेन्स, सोल्डरिंगचा वास. इथे जोडलेले बहुतेक दिवे आखाड्यावर, जिनिंगमध्ये, मंगल कार्यालयांत जातात. थोडे माशांच्या टाक्यांवर जातात, आणि त्यातले अगदी मोजके खाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर, जिथे लोक प्रवाळ वाढवतात. नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथून अशी मागणी येते. समुद्र आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. तरी या मोजक्या दिव्यांनी मला प्रकाशाबद्दल जे शिकवलं, ते बाकीच्या सगळ्या धंद्याने शिकवलं नाही. म्हणून माझं मागणं स्पष्ट मांडतो: जो दिवा जिवंत जिवासाठी म्हणून विकला जातो, मग तो प्रवाळ असो, पाणवनस्पती असो की ट्रेमधलं रोप, त्याच्या खोक्यावर किती अंतरावर किती मायक्रोमोल प्रकाश पडतो, हे छापणं सक्तीचं व्हायला हवं.

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचा आकडा. तो बिलाच्या कामाचा. शंभर वॉट खाणारे दोन दिवे शेजारी ठेवा. एकाची चिप चांगली, दुसऱ्याची हलकी, एकाला अरुंद कोनाची लेन्स, दुसरा मोकळा. खाली पडणाऱ्या उजेडात दुपटीचा फरक सहज निघतो. खोक्यावर लुमेन असले तर थोडं बरं, पण लुमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेली आहेत. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वांत प्रखर वाटतो आणि गडद निळा अगदी मंद. प्रवाळाला नेमका तो निळाच हवा असतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या मऊ अंगात लाखो एकपेशीय शैवालं राहतात, ती उजेडावर साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा आपल्या घरमालकाला देतात. उथळ पाण्यातल्या कित्येक जातींची ऊर्जेची गरज नव्वद टक्क्यांपर्यंत अशी भागते. समुद्राचं स्वच्छ पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं आणि निळा खोलवर जाऊ देतं. लाखो वर्षं त्या निळ्यात वाढलेला हा जीव आहे. निळी एलईडी बनवण्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते घरोघरच्या पांढऱ्या दिव्यामुळे. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळीच चिप असते, वर पिवळा फॉस्फर. पण त्याच निळ्या चिपने समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना प्रवाळ वाढवणंही शक्य करून दिलं. त्याआधी त्यासाठी मेटल हॅलाइडचे दिवे लागत आणि ते टाकीचं पाणी तापवून काढत.

शैवाल प्रकाशाचे कण मोजतं, त्यामुळे मापही कणांचंच हवं. एका चौरस मीटरवर एका सेकंदात 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन पडले, हे मायक्रोमोलमध्ये सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्यं इतके फोटॉन. हा 400 ते 700 चा पट्टा पिकांच्या अभ्यासातून पक्का झाला. कीथ मॅक्री यांनी 1972 मध्ये शेतातल्या पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचे प्रयोग करून दिलेले आलेख आजही वापरात आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे 2,000 मायक्रोमोल पडतात. प्रवाळाच्या टाकीत इतक्याची गरज नसते. मशरूमसारखे मऊ प्रवाळ 50 ते 100 वर समाधानी असतात, मोठ्या पॉलिपचे दगडी प्रवाळ 100 ते 150 वर, आणि अ‍ॅक्रोपोरासारखे फांद्या फुटणारे 250 ते 350 वर. टाकी पाळणाऱ्यांच्या अनुभवातून आलेले हे पट्टे आहेत, थोडं इकडे-तिकडे चालतं. 90 ऐवजी 400 मात्र चालत नाही.

बाजारात मिळणारा साधा लक्स मीटर लोकांना इथेच गोत्यात आणतो. सूर्यप्रकाशात 54 लक्स म्हणजे साधारण एक मायक्रोमोल. 450 नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीला मात्र सातच लक्सला एक मायक्रोमोल पडतो, कारण डोळ्याच्या हिशेबात निळ्याला किंमतच नाही. आता समजा, निळ्या दिव्याखाली मीटरने 2,000 लक्स दाखवले. उन्हाचा हिशेब लावणारा म्हणेल, 37 मायक्रोमोल, फारच कमी, वाढवा. प्रत्यक्षात तिथे 285 पडतायत. शिवाय स्वस्त मीटरचा फिल्टर निळ्या टोकाला नीट बसलेला नसतो, म्हणजे मुळातला आकडाही भरवशाचा नाही. हा माणूस रेग्युलेटर फिरवून दिवा वाढवतो आणि चार-सहा दिवसांत त्याचा प्रवाळ पांढरा पडतो.

नांदेडच्या एका शिक्षकांच्या बाबतीत हेच घडलं. त्यांच्या टाकीत मशरूमची छान वाढलेली वसाहत होती. जुना दिवा गेला म्हणून त्यांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नवा मागवला. खोक्यावर जुन्याइतकेच वॉट, जाहिरातीत 'रीफसाठी खास'. डोळ्याला तो जुन्यापेक्षा मंद वाटला, कारण तो जास्त निळा होता. सरांनी पूर्ण ताकदीवर लावला. आठवडाभरात निम्मी वसाहत आक्रसली. त्यांनी पाणी तपासलं, खारटपणा तपासला, नायट्रेट तपासलं, अर्धं पाणी बदललं. सगळं तपासलं, पण उजेड कोणी तपासला नाही, कारण उजेड तपासायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढे मीटर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या दगडावर तीनशेच्या वर आकडा येत होता. जास्त उजेडात शैवालाकडून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होऊ लागतात, मग प्रवाळ त्या शैवालालाच अंगाबाहेर टाकतो आणि रंग जातो. कमी उजेडात तो हळूहळू झिजतो, सुधारायला वेळ मिळतो. जास्तीत वेळच मिळत नाही.

मानवतच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपलं गाव कापसाच्या बाजारावर जगतं. गाडी मार्केट यार्डात लागली की व्यापारी मूठभर कापूस दाबून बघतो खरा, पण भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत भाव ठरतो तो आर्द्रता मापकावर. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे 12 पर्यंत कपात, त्यावर गाडी परत. दोन टक्क्यांवरून शेतकरी भांडतो, "दुसऱ्या ठिकाणचा कापूस घेऊन परत लावा" म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. हाताचा अंदाज आणि मीटरचा आकडा यांत पैशांचं अंतर असतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दिव्याच्या बाबतीत मात्र आपण अजून मूठ दाबूनच व्यवहार करतो.

मीटर आणला म्हणजे काम झालं, असंही नाही. मोजण्याची रीत आहे. सेन्सर टाकीच्या तोंडाशी धरून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. प्रवाळ जिथे बसणार त्या उंचीवर, पाण्याखाली, सेन्सर वर तोंड करून मोजायचं. हवेसाठी कॅलिब्रेट केलेला सेन्सर पाण्यात बुडवला की मुळापेक्षा कमी वाचतो, त्याला कंपनीने दिलेल्या गुणकाने गुणावं लागतं. पाण्यासाठीच बनवलेल्या मीटरमध्ये ती दुरुस्ती आधीच केलेली असते. जुन्या धाटणीचे सेन्सर पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आखूड पडतात, निळ्या एलईडीसाठी पूर्ण पट्ट्याचाच सेन्सर हवा. पंप चालू ठेवूनच मोजावं, कारण पाणी हललं की उजेड लाटांतून एकवटतो आणि पांगतो. आकडा नाचतो, मग थोडा वेळ थांबून सरासरी धरायची. टाकीच्या तळाचे चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोनाचा आकडा तळाला, मधल्या उंचीला आणि वर, असा कागदावर लिहावा. दोन फूट चौरस टाकीवर माझा एक दिवा मधोमध 320 देतो आणि कोपऱ्यात 90. म्हणजे एकाच टाकीत अ‍ॅक्रोपोराचीही जागा आहे आणि मशरूमचीही. फक्त कोण कुठे बसणार हे कागद बघून ठरवायचं. दिव्यावरची काच महिनाभर पुसली नाही तर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून तिच्यावर मिठाचा थर चढतो, उजेड घटतो. काच पुसली की तो एकदम वाढतो, आणि त्या वाढीनेही प्रवाळ भाजू शकतो. म्हणून काच पुसल्यावर पुन्हा मोजायचं. नवा दिवा लावला तर निम्म्यावर सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवायचा.

तासही मोजावे लागतात. 200 मायक्रोमोल दहा तास दिले तर दिवसाची बेरीज 7.2 मोल होते; 100 मायक्रोमोल बारा तास दिले तर 4.3. लाईट जाते त्या दिवशी ही बेरीज तुटते. मग रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवून भरपाई करणारे मी पाहिलेत. त्याची गरज नसते. ढगाळ दिवस समुद्रावरही येतात.

अशा मोजमापाचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नाव ठळक आहे: अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी. मेटल हॅलाइडच्या काळात त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, बॅलास्ट आणि रिफ्लेक्टर एकसारख्या पद्धतीने मोजले आणि आकडे सगळ्यांसाठी छापून टाकले. पुढे एलईडीचंही तेच केलं. कोणता रिफ्लेक्टर उजेड कसा पसरवतो, दिवा जुना झाला की किती घटतो, हे लोकांना जाहिरातीऐवजी तक्त्यात बघता येऊ लागलं. आता चांगल्या परदेशी कंपन्या आपल्या दिव्याचा नकाशा स्वतःच देतात: इतक्या उंचीवरून इतक्या खोलीवर, चौकोनागणिक इतके मायक्रोमोल. गिऱ्हाईक आकडे वाचायला शिकला, म्हणून कंपन्यांना ते छापावे लागले. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक दिव्यांच्या खोक्यांवर मात्र रंगीत माशाचं चित्र आणि वॉट, एवढंच असतं.

कुणी म्हणेल, प्रवाळ हा मूठभर श्रीमंतांचा छंद, त्यासाठी कायदा कशाला? शिवाय आपल्या देशात दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाइतकं संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा. टाकीत काय आहे आणि ते कुठून आलं, याचा कागद जो दाखवू शकत नाही, त्याला मी दिवा बनवून देत नाही. पण प्रकाशाचा प्रश्न टाकीपुरता नाही. आपल्या राज्याचे स्वतःचे प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात ते आहेत. मुंबईत वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर होते. कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये तिथल्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे, समुद्रात बुडालेलं पठार. त्याचा माथाच वीसेक मीटर खोल.

या जागांमधला फरक उजेडाच्या हिशेबात बघा. धरा, आंग्रियाच्या निवळ पाण्यात दर मीटरला एक दशांश उजेड कमी होतो. वीस मीटरवर पृष्ठभागाच्या सुमारे 12 टक्के उरतो. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात दर मीटरला चार दशांश कमी होतो असं धरा. चारच मीटरवर 13 टक्के उरतो. म्हणजे मुंबई-मालवणचा चार मीटरवरचा प्रवाळ आंग्रियाच्या वीस मीटरवरच्या प्रवाळाइतक्याच उजेडात जगतो, आणि किनाऱ्यावर भराव टाकून पाणी आणखी गढूळ केलं तर तेवढा उजेडही उरत नाही. वसाहत उचलून दुसरीकडे लावताना खडक, लाटा, भरती-ओहोटी बघतात. तिथल्या पाण्याखालच्या उजेडाचा वर्षभराचा आलेखही आधी हवा आणि तो लोकांपुढे ठेवायला हवा. टाकीत आणि समुद्रात लागतं ते माप एकच आहे. 2024 च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले ते समुद्र तापल्यामुळे, पण तापलेल्या पाण्यात प्रखर ऊन ही इजा वाढवतं. सावलीतले प्रवाळ अनेकदा टिकून राहतात.

आणि घराजवळचं बोलायचं, तर मराठवाड्यात केळीच्या टिश्यू कल्चरची रोपं आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहेत. ती रोपं प्रयोगशाळेत दिव्याखाली वाढतात. गच्चीवर, खोलीत ट्रे लावून भाजीची रोपं करणारी पोरं माझ्याकडे येतात, त्यांनाही 'ग्रो लाइट' वॉटवरच विकला जातो. जांभळा उजेड दिसला की झाडाचा दिवा, निळा दिसला की प्रवाळाचा, एवढ्यावर हजारो रुपयांचा व्यवहार होतो.

वैधमापन खात्याचे निरीक्षक आमच्या यार्डातल्या काट्यांची तपासणी करतात, शिक्का मारतात. किराणा दुकानातल्या वजनांचीही करतात. पाकिटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत, महिना आणि बनवणाऱ्याचा पत्ता लागतो. त्याच धर्तीवर झाडांच्या आणि टाकीच्या दिव्यावर चार ओळी लागाव्यात: 30 आणि 60 सेंटिमीटरवर मधोमध किती मायक्रोमोल, तेवढ्याच अंतरावर कडेला किती, निळ्याचा वाटा किती, आणि किती तासांनंतर उजेड किती टक्के उरतो. भारतीय मानक ब्युरोने मोजण्याची पद्धत ठरवून द्यावी. वॉट हवे तर राहू द्यावेत, पण छोट्या अक्षरांत.

माझ्यासारख्या छोट्या कारागिरांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीही ऐकतो: चांगला पाण्याखालचा मीटर पन्नास हजारांच्या घरात जातो, तो आम्ही कुठून आणायचा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. प्रत्येकाने मीटर विकत घ्यायची गरज नाही, एका मीटरवर जिल्हा चालतो. परदेशात प्रवाळ पाळणाऱ्यांची मंडळं एकच मीटर घेऊन सभासदांना आळीपाळीने देतात. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकी आणि विज्ञानाची महाविद्यालयं आहेत. महिन्यातला एक दिवस ठरवून, माफक फी घेऊन दिवे मोजून देण्याची सोय त्यांनी केली, तर कारागिराला आपल्या मालाचा खात्रीचा तक्ता मिळेल आणि विद्यार्थ्यांना हाताला काम. माती परीक्षणासाठी शेतकरी नमुना घेऊन जातोच की.

तोवर आम्ही काही जणांनी वर्गणी काढून घेतलेला एक मीटर माझ्या दुकानात आहे. मराठवाड्यात कुणाची प्रवाळाची किंवा पाणवनस्पतींची टाकी असेल, रोपांचे ट्रे असतील, तर त्याने अनामत ठेवून तो दोन दिवसांसाठी न्यावा. सेन्सर वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावा, कारण मिठाचा थर राहिला तर पुढच्याचा आकडा चुकतो. आणि परत आणताना चौकोन पाडून लिहिलेल्या आकड्यांच्या कागदाची एक प्रत मला द्यावी. दिव्याचं मॉडेल, टांगण्याची उंची आणि पाण्याची खोली त्यावर लिहिलेली असावी. असे कागद मी एका फाइलमध्ये लावतो, आणि नवा दिवा घ्यायला येणाऱ्याला वॉट सांगायच्या आधी ती फाइल उघडून दाखवतो.